अँड्रॉइडचा भूकंप इशारा: किल्लारी, कोयना आणि पालघरच्या हिशेबात

किंमत शून्य, वेगळं ॲप उतरवायला नको, आणि बहुतेकांच्या फोनमध्ये ही सोय आधीपासूनच आहे. गुगलची अँड्रॉइड भूकंप इशारा सेवा भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्याशी सल्लामसलत करून ती आणली गेली. निकाल आधीच सांगून टाकतो: चालू ठेवा. पण ती कोणाच्या कामी येईल हे भूकंपाच्या केंद्रापासूनच्या अंतरावर ठरतं. महाराष्ट्रातले भूकंप उथळ असतात आणि त्यांची सगळी मारझोड थोड्याशा टापूत होते. त्यामुळे ज्यांना इशाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यापर्यंतच तो उशिरा पोचण्याची शक्यता जास्त. हा परीक्षणाचा मुख्य मुद्दा. बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

आधी ती चालू आहे की नाही ते बघा. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' आणि त्यात 'अर्थक्वेक अलर्ट्स'. काही फोनमध्ये ही ओळ 'लोकेशन'च्या आत प्रगत पर्यायांत दडलेली असते. अँड्रॉइड ५ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. त्याच पानावर नमुना इशारा दाखवण्याची सोय आहे. ती एकदा तरी वापरा आणि घरातल्या सगळ्यांना तो आवाज ऐकवा. मध्यरात्री तो पहिल्यांदाच ऐकणारा माणूस आधी फोन हातात घेऊन 'हे काय?' म्हणून वाचत बसतो, आणि हातातले तीन-चार सेकंद तिथेच संपतात.

सेवा चालू असूनही इशारा न येण्याची कारणं अगदी साधी आहेत. लोकेशन बंद असेल तर इशारा येत नाही. इंटरनेट नसेल तरीही नाही, कारण हा संदेश डेटावरून येतो, एसएमएसने नाही. रात्री झोपताना मोबाइल डेटा बंद करून ठेवणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला होता, कोयनेचा पहाटे सव्वाचारनंतर. वाय-फायवर भिस्त असेल तर राउटरला इन्व्हर्टरची जोड आहे का ते पाहा. वीज गेली की राउटर बंद आणि इशाराही बंद. विमान मोडमध्ये टाकलेल्या फोनचा तर प्रश्नच मिटला. ही सेवा गुगल प्ले सर्व्हिसेसमधून चालते, त्यामुळे ज्या फोनमध्ये त्या नाहीत तिथे ती नाही. आयफोनवर नाही, साध्या बटणांच्या फोनवरही नाही. गावाकडच्या घरात आजी-आजोबांकडे बटणांचा फोन आणि स्मार्टफोन असलेला मुलगा पुण्यात, अशी परिस्थिती असेल तर इशारा पुण्यात वाजेल.

इशारे दोन प्रकारचे. दोन्हींसाठी भूकंपाची महत्ता, म्हणजे बातमीतला रिश्टरचा आकडा, किमान ४.५ असावी लागते. तुमच्या जागी हादरा सौम्य, म्हणजे मर्काली मोजपट्टीवर (ही भूकंपाची महत्ता नव्हे, त्या त्या जागी जाणवणारा हादरा मोजते) ३ किंवा ४ इतका अपेक्षित असेल तर पहिल्या प्रकारचा, 'सावध राहा' छापाचा संदेश येतो. तो फोनचा आवाज आणि 'डू नॉट डिस्टर्ब' यांचं मुकाट्याने ऐकतो. फोन गप्प ठेवला असेल तर तोही गप्प. हादरा ५ किंवा जास्त अपेक्षित असेल तर दुसरा प्रकार: पडदा आपोआप उजळतो, 'डू नॉट डिस्टर्ब' बाजूला सारलं जातं आणि मोठा आवाज होतो. मर्काली ५ म्हणजे झोपलेली माणसं जागी होतात, फळीवरच्या वस्तू पडतात, एखादी काच तडकते. संदेश अँड्रॉइडला चालणाऱ्या भारतीय भाषांत येतो. आई-वडिलांच्या फोनची भाषा इंग्रजी असेल तर ती बदलायला हेही एक कारण आहे.

ही सेवा भूकंपाचं भाकीत करत नाही. भूकंप सुरू झालेला असतो, तेव्हाच ती जागी होते. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये हालचाल टिपणारा छोटा संवेदक असतो, तोच ज्यामुळे पडदा आडवा-उभा फिरतो. फोन चार्जिंगला लावून स्थिर ठेवलेला असेल तेव्हा हा संवेदक जमिनीची थरथर टिपतो आणि ती खूण ढोबळ ठिकाणासह सर्व्हरकडे पाठवतो. एका भागातल्या पुष्कळ फोनकडून एकाच वेळी तशी खूण आली की सर्व्हर केंद्र आणि महत्ता यांचा अंदाज बांधतो आणि पुढच्या भागाला इशारा सोडतो. भूकंपाच्या पहिल्या, प्राथमिक लहरी कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जातात. घरं पाडणाऱ्या दुय्यम लहरी साधारण साडेतीन किलोमीटरने. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसं. अंतर जितकं जास्त तितकी ही फट रुंद. शिवाय इंटरनेटवरून जाणारा संदेश या दोन्ही लहरींपेक्षा कितीतरी वेगवान. सगळी करामत एवढीच.

आता हिशेब करू. गुगलच्याच संशोधकांनी दिलेले आकडे असे: एप्रिल २०२५ मध्ये इस्तंबूलजवळ ६.२ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा पहिला इशारा भूकंप सुरू झाल्यापासून ८ सेकंदांनी निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये नेपाळात ५.७ चा झाला, तेव्हा १५.६ सेकंदांनी. त्याच महिन्यात फिलिपिन्समध्ये ६.७ चा झाला, तेव्हा १८.३ सेकंदांनी. म्हणजे घट्ट वस्ती, भरपूर फोन अशा ठिकाणी ८ सेकंद. फोन विरळ किंवा केंद्रापासून दूर असतील तिथे १५ ते १८.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता आणि जेमतेम दहा किलोमीटरच्या आसपास खोलीवर झाला. तो आज झाला असता तर? खुद्द किल्लारी परिसरात विध्वंसक लहरी चार-पाच सेकंदांत पोचतात. औसा केंद्रापासून वीसेक किलोमीटर, तिथे सहा-सात सेकंद. उमरगा तीसेक किलोमीटर, नऊ सेकंद. लातूर शहर चाळीसच्या आत, अकरा सेकंदांच्या आसपास. सोलापूर सत्तरहून थोडं जास्त, एकवीस सेकंद. ८ सेकंदांत इशारा निघाला असं सगळ्यात चांगलं गृहीत धरलं तरी किल्लारी आणि औशाला तो हादऱ्याच्या मागून पोचतो, लातूरला दोन-तीन सेकंद आणि सोलापूरला बारा-तेरा सेकंद मिळतात. नेपाळसारखा १५-१६ सेकंदांचा उशीर धरला तर लातूरही बाद आणि सोलापूरला पाच सेकंद. १९९३ मध्ये दहा हजारांच्या घरात माणसं गेली ती बहुतांशी केंद्राजवळच्या गावांत. त्या गावांना हा इशारा वाचवू शकला नसता. याला सेवेची चूक म्हणता येणार नाही. जपानमध्ये ऑक्टोबर २००७ पासून देशभर चालणाऱ्या यंत्रणेलाही केंद्राजवळचा हा आंधळा टापू टाळता आलेला नाही.

कोयनेचं चित्र निराळं, कारण तिथून दूरवर मोठी शहरं आहेत. डिसेंबर १९६७ सारखा साडेसहाच्या आसपासचा भूकंप पुन्हा झाला तर चिपळूण तीसेक किलोमीटरवर, सातारा चाळीसवर, कऱ्हाड पंचेचाळीस-पन्नासवर. या तिघांना शून्य ते पाच-सहा सेकंद. पण पुणे सव्वाशे किलोमीटरवर आहे. तिथे लहरी यायला पस्तीस सेकंद लागतात, म्हणजे हातात वीस ते पंचवीस. मुंबई दोनशेवर, तिथे लहरी यायलाच जवळपास मिनिटभर. पुण्या-मुंबईत तेव्हा हादरा बेताचा असेल, पण उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर संथ, लांब झोके येतात आणि तिथे हे वीस सेकंद खरोखर कामाचे. एक खोट मात्र आहे: कोयनेच्या खोऱ्यात अभयारण्य, जलाशय आणि विखुरलेल्या वाड्या. चार्जिंगला लावलेले, नेटवर्क असलेले, स्थिर फोन केंद्राजवळ कमी. म्हणून तिथे इस्तंबूलच्या ८ सेकंदांची आशा धरू नये.

दूरच्या शहरांना इशारा किती कामाचा, याचं आपल्या शेजारचं उदाहरण भूजचं. २६ जानेवारी २००१ च्या ७.७ च्या भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या कितीतरी तळमजल्यावर नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या. तिथे लहरींना पोचायला मिनिटभर लागला असणार. अशा अंतरावर असा इशारा म्हणजे नुसती सूचना राहत नाही, खालच्या एक-दोन मजल्यांवरची माणसं चक्क बाहेर पडू शकतात.

पालघरच्या वाचकांनी वेगळी अपेक्षा ठेवावी. डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या अखेरीपासून भूकंपांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरात माणसं तंबूत झोपली, पण त्या मालिकेतले मोठे धक्केसुद्धा ४ च्या आसपासचे. सेवेचा उंबरठा ४.५. म्हणून घर हादरलं आणि फोन गप्प राहिला तर सेवा बिघडलेली नाही, ती ठरल्याप्रमाणेच वागते आहे. हिंगोलीचा १० जुलै २०२४ चा धक्का ४.५ चा, म्हणजे बरोबर उंबऱ्यावरचा. फोनचा पहिला अंदाज किंचित खाली आला तरी असा धक्का गाळला जातो, किंचित वर गेला तर संदेश येतो.

पहिल्या अंदाजाचा हा प्रश्न किती महागात पडू शकतो ते तुर्कस्तानात दिसलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ चा भूकंप झाला. यंत्रणा चालू होती. तिने भूकंप टिपलाही. पण त्याची महत्ता ४.५ ते ४.९ इतकीच समजली. परिणाम: मोठ्या आवाजाचे, झोपेतून उठवणारे इशारे गेले फक्त ४६९. पाचेक लाख फोनना गेला तो सौम्य संदेश, जो गप्प ठेवलेल्या फोनवर वाजत नाही. माणसं झोपलेली. नंतर सुधारलेल्या गणिताने तोच भूकंप संगणकावर पुन्हा चालवला, तेव्हा सर्वाधिक धोक्यातल्या एक कोटी लोकांना मोठ्या आवाजाचा इशारा गेला असता असं निघालं. हे गुगलच्याच संशोधकांनी २०२५ मध्ये शोधनिबंधात मांडलं. उशिरा का होईना, आकड्यांसकट मांडलं याचे गुण द्यायला हवेत. दुरुस्ती संगणकावर सिद्ध झाली आहे. प्रत्यक्ष तेवढ्या मोठ्या भूकंपात ती तशीच चालेल याची हमी मात्र त्याने मिळत नाही.

खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण त्या मानाने फारच कमी. मार्च २०२४ अखेरपर्यंत इशारे दिलेल्या १,२७९ घटनांपैकी तीन खोट्या: दोन वेळा गडगडाटी वादळाने फोन थरथरले, एकदा एकाच वेळी असंख्य फोनवर आलेल्या सूचनेच्या कंपनाने घोळ घातला. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये चुकीचा इशारा गेला आणि तिथे सेवा काही काळ थांबवावी लागली. इशारा मिळालेल्या ज्या लोकांनी प्रतिसाद नोंदवला त्यांतल्या ८५ टक्क्यांना हादरा जाणवला होता. मात्र इशारा हादऱ्याच्या आधी मिळाला असं सांगणारे ३६ टक्केच. २८ टक्क्यांना हादरा चालू असताना आणि २३ टक्क्यांना तो संपल्यावर मिळाला. जाहिरातीपेक्षा हे तीन आकडे लक्षात ठेवा.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' (BhooKamp) ॲप इशारा देत नाही. ते झालेल्या भूकंपाचं ठिकाण, वेळ, खोली आणि महत्ता सांगते. तरीही ते फोनमध्ये असावं, कारण धक्का बसल्यानंतरच्या तासाभरात 'आज रात्री दोन वाजता मोठा येणार आहे' हा व्हॉट्सॲप निरोप हमखास फिरतो. भूकंपाची वेळ आधी सांगणारं शास्त्र कुठेही नाही, त्यामुळे वेळ दिलेला प्रत्येक निरोप खोटा समजून पुसून टाकावा. आपत्ती प्राधिकरणाचं 'सचेत' हवामान आणि पुरासाठी चांगलं. खरा दर्जेदार पर्याय उत्तराखंडात आहे: आयआयटी रुडकीने तिथे डोंगरात कायमस्वरूपी संवेदक बसवून २०२१ मध्ये इशाऱ्याचं ॲप सुरू केलं. हे संवेदक भूकंप जिथे होतो तिथेच रोवलेले असतात, कोणी फोन चार्जिंगला लावण्याची वाट बघत नाहीत. कोयनेत भूकंपमापकांचं जाळं जुनं आणि दाट आहे, कऱ्हाडजवळ खोल विंधनविवरांतून अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, पण हा सगळा संशोधनाचा कारभार. सातारा-चिपळूणच्या माणसाच्या खिशात त्यातून इशारा येत नाही. असायला हवा, असं आमचं स्पष्ट मत.

इशारा वाजला तर काय करायचं? फोनवर दोन ओळी येतात त्या बरोबर आहेत, पण सगळ्या घरांना सारख्या लागू नाहीत.

सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर किंवा वर असाल तर बाहेर पळू नका. हादऱ्यात जिना हा इमारतीचा कच्चा भाग असतो आणि अंधारात गर्दीने उतरताना माणसं पडून जखमी होतात. लिफ्टचं नाव नको. मजबूत टेबल असेल तर खाली शिरा आणि त्याचा पाय धरून ठेवा. टेबल सरकतं, तुम्हीही त्याच्याबरोबर सरका. टेबल नसेल तर आतल्या भिंतीच्या कडेला, खिडकी आणि कपाटापासून दूर, गुडघ्यावर बसून डोकं आणि मान हातांनी झाका. पलंगावर असाल आणि वर माळा किंवा फळी नसेल तर तिथेच पालथे होऊन उशी डोक्यावर घ्या. काळोखात उठून चालताना काचांवर पाय पडतो, म्हणून चपला आणि विजेरी पलंगाखाली हाताला लागेल अशी ठेवायची. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा सल्ला जुन्या बांधणीच्या घरांतला. आजच्या चौकटीला तसला काही आधार नसतो, उलट दार आपटून बोटं सापडतात. कपाटाच्या किंवा सोफ्याच्या कडेला पडून राहण्याचा 'त्रिकोण' सांगणारा निरोप अजून फिरतो. तो पाळू नका. कोसळलेल्या इमारतीत त्रिकोण कुठे तयार होईल हे आधी ठरवता येत नाही आणि कपाटाची कड ही कपाट पडण्याचीच जागा.

शेगडीसमोर असाल तर बर्नरची कळ बंद करा, तेवढंच. हादरा चालू असताना सिलिंडरकडे धावू नका. थांबल्यावर रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण दाबू नका, बंद करायलाही नाही. खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.

दगड-मातीच्या किंवा माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात नियम उलटा. घर एकमजली असेल, दार चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर तत्क्षणी बाहेर पडा आणि भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब जा. दारासमोर अरुंद बोळ आणि पलीकडे दुसऱ्याची दगडी भिंत असेल तर मात्र बाहेर पडणं घरात राहण्याइतकंच घातक. अशा घरांसाठी फोनवर विसंबणंच चूक आहे. तिथे दुरुस्ती भिंतीची करायची.

हे थोडं सविस्तर सांगायला हवं. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड, काही ठिकाणी त्याहूनही. जाडी पाहून त्या भक्कम वाटतात. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दोन पदर आणि मध्ये मातीत घातलेले बारीक दगड अशी ती बांधणी असते. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात पदर सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर चढवत गेल्याने त्याची जाडी फुटाच्या वर जाते. एक फूट जाड मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीच्या डोक्यावर साडेचार-पाच टन. किल्लारीत माणसं या ओझ्याखाली गुदमरली. जिथे माळवद लाकडी खांबांच्या खणांवर पेललेलं होतं तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही खण उभे राहिले.

करायची कामं तीन. पहिलं, माळवदाची जादा माती उतरवून थर पातळ करणे आणि पाणी झिरपू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद घालणे. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. दुसरं, भिंतीत आरपार बांधणी: साधारण दोन फूट उंचीला आणि चार फूट अंतराला एकेक दगड हळूच काढून आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिलिमीटरची सळी घालायची आणि काँक्रीट भरायचं. भोकं एकाच वेळी सगळी पाडायची नाहीत, नाहीतर भिंतच बसते. तिसरं, छताच्या पातळीला घराला चहूबाजूंनी बांधणारा सलग पट्टा, काँक्रीटचा किंवा जाळी-सिमेंटचा. हा पट्टा कोपऱ्यावर तुटला तर त्याचा उपयोग संपला. कोपऱ्यात सळ्या वळवून पुढे नेल्या आहेत का ते प्लास्टरच्या आधी स्वतः पाहा. हे तिसरं काम अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये.

फ्लॅटवाल्यांचा शत्रू घरातच उभा आहे: साडेसहा फुटी लोखंडी कपाट, वर दोन सुटकेस. खोली जेमतेम दीड फूट असल्याने ते पुढे कलंडतं. पाठीमागे वरच्या टोकाला दोन एल आकाराच्या पट्ट्या लावून भिंतीला बांधा. इथे नेहमी चुकतं ते स्क्रूच्या लांबीत. प्लास्टर बारा-पंधरा मिलिमीटर जाड असतं आणि ते काहीच धरत नाही. ३५ मिलिमीटरचा स्क्रू घातला तर विटेत जेमतेम वीस मिलिमीटर जातो आणि पहिल्या ओढीला उपटतो. ८ मिलिमीटरचं भोक, तेवढाच प्लग आणि ५० ते ६० मिलिमीटरचा स्क्रू वापरा. भोक विटेत घ्या, दोन विटांमधल्या सांध्यात नको. नव्या इमारतींत हलके पांढरे ब्लॉक असतील तर साधा प्लग त्यात फिरतो; त्यासाठीचे वेगळे नायलॉन प्लग मिळतात, दुकानात ब्लॉकचं नाव सांगून मागा. कपाटाचा पत्रा पातळ असल्याने त्या बाजूला स्क्रू न लावता वॉशरसकट नट-बोल्ट लावायचा. कपाट पडलं तर खोलीचं दार अडेल अशा जागी ते असेल, तर बांधण्याआधी जागा बदला. सुटकेस खाली काढा.

घरगुती सिलिंडर भरलेला असताना तीसेक किलोचा. साखळी वरच्या अर्ध्या भागात घालून भिंतीच्या हुकाला अडकवा. नळी 'सुरक्षा' छापाची, आयएसआय शिक्क्याची, आणि पाच वर्षांनी बदललेली हवी. तारीख नळीवरच छापलेली असते. बहुतेक स्वयंपाकघरांत ती कोणी वाचलेली नसते.

गुण द्यायचेच तर अंतरानुसार द्यावे लागतील. केंद्रापासून शंभर किलोमीटरपलीकडे राहणाऱ्यांसाठी, म्हणजे कोयनेच्या संदर्भात पुणेकर-मुंबईकरांसाठी, पाचपैकी चार. एक कापला तो तुर्कस्तानच्या अनुभवासाठी. पन्नास ते शंभरच्या पट्ट्यात अडीच. तीस किलोमीटरच्या आत अर्धा, तोसुद्धा नंतरच्या धक्क्यांसाठी: मोठ्या भूकंपामागून येणाऱ्या ४.५ वरच्या धक्क्याचं केंद्र थोडं सरकलेलं असेल तर ढिगाऱ्यात काम करणाऱ्यांना एखाद-दोन सेकंद मिळू शकतात.

शेवटचं एक काम. धक्क्यानंतर फोनवर 'हादरा जाणवला का, इशारा कधी मिळाला' असे प्रश्न येतात. ते बंद करून टाकू नका, दोन बोटांचं काम आहे. हादरा जाणवला नसेल तर तसंही नोंदवा. इशारा कुठपर्यंत द्यायचा ती सीमा अशा नकारांवरूनच आखली जाते, आणि लातूर-हिंगोलीकडून अशी उत्तरं जितकी जास्त जातील तितका इथल्या जमिनीचा अंदाज सुधारेल.